रक्ताची गुठळी रोखणारी आणि विरघळवणारी औषधं: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

माझ्या आईच्या हृदयातला मायट्रल व्हॉल्व्ह, म्हणजे झडप, बदलून धातूचा बसवलाय आणि ती रोज रात्री ॲसिट्रोम ही रक्त गोठू न देणारी गोळी घेते. त्यामुळे नातेवाईक, शेजारी, आईच्या भजनी मंडळातल्या काकू, सगळे या गोळ्यांबद्दल मलाच विचारतात, आणि प्रश्न फिरून फिरून तेच असतात म्हणून एकदा नीट बसून लिहितेय. मुख्य मुद्दा आधीच सांगते. 'रक्त पातळ करायची गोळी' म्हणून आपण ज्या सगळ्या एकत्र मोजतो ती खरं तर तीन वेगळ्या कामांची औषधं आहेत, आणि आपलं औषध कुठल्या गटातलं हे माहीत नसेल तर पथ्य चुकतं, तपासणी राहते आणि कधी कधी जिवावर बेततं. डोस ठरवणं, बदलणं, बंद करणं हे काम तुमच्या डॉक्टरांचं. इथे फक्त ही औषधं शरीरात काय करतात आणि त्यावरून आपण घरी काय सांभाळायचं एवढंच आहे.

रक्ताची गुठळी होते तरी कशी?

भाजी चिरताना बोट कापलं की दोन-चार मिनिटांत रक्त थांबतं, ते दोन यंत्रणांमुळे. पहिली प्लेटलेट्सची, म्हणजे रक्तातल्या बारीक पेशींची. रक्तवाहिनीचं आतलं अस्तर फाटलं की खालचं कोलॅजन उघडं पडतं, तिथे प्लेटलेट्स येऊन चिकटतात, चिकटल्या की थ्रॉम्बॉक्सेन आणि एडीपी अशी रसायनं सोडतात आणि त्या हाकेला ओ देऊन आणखी प्लेटलेट्स गोळा होतात. पण नुसत्या प्लेटलेट्सचा ढिगारा टिकत नाही, विटा रचल्या तरी सिमेंट लागतंच. ते सिमेंट म्हणजे फायब्रिन, आणि ते तयार करणारी दुसरी यंत्रणा म्हणजे क्लॉटिंग फॅक्टर्स, रक्त गोठवणारी प्रथिनं. हे फॅक्टर्स बहुतेक लिव्हरमध्ये बनतात आणि रक्तात झोपल्यासारखे फिरत असतात. जखम झाली की एक फॅक्टर दुसऱ्याला जागा करतो, दुसरा तिसऱ्याला, असं करत गाडी फॅक्टर टेनपर्यंत येते, टेन थ्रॉम्बिन तयार करतो आणि थ्रॉम्बिन रक्तातल्या फायब्रिनोजेनचे धागे विणून फायब्रिनचं जाळं करतं. लाल पेशी त्या जाळ्यात अडकतात आणि घट्ट गुठळी बसते.

हे बोटाला झालं तर वरदान, पण हृदयाच्या किंवा मेंदूच्या रक्तवाहिनीत, पायाच्या शिरेत किंवा धातूच्या व्हॉल्व्हवर झालं तर संकट. आणि इथे एक फरक लक्षात ठेवा, पुढचं सगळं त्यावर उभं आहे. धमनीत, जिथे रक्त जोरात वाहतं तिथे, चरबीचा थर फुटून जी गुठळी होते तिच्यात प्लेटलेट्स जास्त असतात. शिरांमध्ये किंवा हृदयाच्या फडफडणाऱ्या कप्प्यात रक्त साचून जी होते तिच्यात फायब्रिन आणि लाल पेशी जास्त. म्हणून हार्ट अटॅकनंतर प्लेटलेट्सवरची गोळी देतात आणि पायातल्या गुठळीला फॅक्टर्सवरची.

मग तीन गट कोणते?

एक, प्लेटलेट्सना एकमेकींना चिकटू न देणारे: ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, टिकाग्रेलर, प्रसुग्रेल. दोन, क्लॉटिंग फॅक्टर्सना आवरणारे: हेपरिन, वॉरफरिन, ॲसिट्रोम आणि डाबिगाट्रान, रिव्हरॉक्साबान, ॲपिक्साबान या नव्या गोळ्या. हे दोन्ही गट गुठळी होऊ देत नाहीत किंवा झालेली वाढू देत नाहीत. तीन, झालेली गुठळी विरघळवणारे: स्ट्रेप्टोकायनेज, अल्टेप्लेज, टेनेक्टेप्लेज. हे फक्त इंजेक्शनने, फक्त हॉस्पिटलमध्ये.

यांनी रक्त खरंच पाण्यासारखं पातळ होतं का?

नाही. रक्ताचा दाटपणा आहे तेवढाच राहतो. फक्त गोठायला जास्त वेळ लागतो. त्यामुळे 'आईचं रक्त आधीच पातळ आहे, हिमोग्लोबिन कमी आहे, मग ही गोळी कशाला' असं म्हणून कोणी गोळी बंद करू नका, हिमोग्लोबिनचा आणि गोठण्याचा हिशोब वेगळा. हां, गोळी चालू असताना हिमोग्लोबिन कमी येत असेल तर आत कुठे रक्त झिरपतंय का हे मात्र डॉक्टरांनी बघायलाच हवं.

एवढीशी ७५ मिलिग्रॅमची ॲस्पिरिन काय करणार?

हा माझा सगळ्यात आवडता प्रश्न. प्लेटलेट्समध्ये कॉक्स-वन नावाचं एन्झाइम असतं, ते थ्रॉम्बॉक्सेन बनवायला लागतं. ॲस्पिरिन त्या एन्झाइमला कायमचं कुलूप घालते. दुसरी कुठली पेशी असती तर तिने नवीन एन्झाइम बनवून घेतलं असतं, पण प्लेटलेटला केंद्रकच नसतं, ती नवीन काही बनवू शकत नाही, म्हणजे एकदा कुलूप लागलं की ती प्लेटलेट जगेल तोपर्यंत, साधारण ७ ते १० दिवस, बंदच. रोज हाडांच्या मगजातून थोड्या नव्या प्लेटलेट्स येतात, त्यांना त्या दिवसाची छोटी गोळी पुरते. म्हणून डोस छोटा, पण रोज. आणि म्हणूनच ऑपरेशनआधी ॲस्पिरिन बंद करायची ठरली तर दोन दिवस पुरत नाहीत, आठवडाभर आधी सांगतात. ॲस्पिरिनचं हे काम ब्रिटनच्या जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये उलगडून दाखवलं, १९८२ चं नोबेल त्यांना त्याच क्षेत्रातल्या कामासाठी मिळालं. तोवर सत्तर-ऐंशी वर्षं जग ती डोकेदुखीसाठी खात होतं.

कॉक्स-वन पोटाच्या अस्तरालाही जपत असतं, तेही बंद होतं, म्हणून ॲसिडिटी आणि अल्सर. कोटिंगवाली गोळी घेतली की पोट सुरक्षित असं लोकांना वाटतं, पण अल्सरचा धोका रक्तात गेलेल्या ॲस्पिरिननेही असतो, कोटिंगने तो जात नाही.

स्टेंट टाकल्यावर दोन-दोन गोळ्या का?

कारण प्लेटलेट्स एकाच हाकेला येत नाहीत. थ्रॉम्बॉक्सेनची हाक ॲस्पिरिन बंद करते, एडीपीची हाक क्लोपिडोग्रेल, टिकाग्रेलर किंवा प्रसुग्रेल बंद करते. स्टेंट म्हणजे धातूची जाळी, तिच्यावर आपलं अस्तर चढायला काही महिने लागतात, तोवर रक्ताच्या दृष्टीने ती उघडी जखमच. हार्ट अटॅकनंतर साधारण वर्षभर दोन्ही चालू ठेवतात, रक्तस्रावाची भीती असलेल्यांना कमी. मध्येच मनाने बंद केली आणि स्टेंटच गुठळीने बंद झाला तर तो मोठा अटॅक असतो, आणि त्यात माणसं दगावतात. गावाला जाताना, लग्नघरात, औषध संपलं म्हणून चार दिवस चुकवणं इथे चालत नाही.

यातलं क्लोपिडोग्रेल लिव्हरमध्ये गेल्यावरच कामाचं होतं आणि ते करणारं एन्झाइम काही लोकांत जन्मतःच मंद असतं. भारतीयांमध्ये हे प्रमाण चांगलंच आहे, म्हणून काही डॉक्टर अटॅकनंतर थेट टिकाग्रेलर किंवा प्रसुग्रेल देतात. टिकाग्रेलर दिवसातून दोनदा घ्यायची असते आणि काहींना तिने धाप लागल्यासारखं होतं, तेव्हा घाबरून गोळी फेकू नका, फोन करा. आधी स्ट्रोक, म्हणजे लकवा, होऊन गेलेल्यांना प्रसुग्रेल देत नाहीत.

मला काहीच त्रास नाही, पण साठी आली. रोज एक ॲस्पिरिन सुरू करू का?

मनाने नको. २०१८ मध्ये तीन मोठे अभ्यास आले आणि त्यांत दिसलं की ज्यांना अटॅक, स्ट्रोक, स्टेंट काहीच झालेलं नाही त्यांना मिळणारा थोडासा फायदा पोटातल्या नाहीतर मेंदूतल्या रक्तस्रावाने जवळपास फिटून जातो. अमेरिकेच्या तज्ज्ञ समितीने २०२२ मध्ये साठीच्या पुढे अशी नवीन सुरुवात करू नका असंच सांगितलं. ज्यांना अटॅक येऊन गेलाय त्यांना हे लागू नाही, त्यांनी हे वाचून गोळी बंद केली तर मला खरंच वाईट वाटेल.

वॉरफरिन म्हणजे उंदराचं औषध, हे खरं का?

खरं आहे, आणि त्यात घाबरण्यासारखं काही नाही. १९२० च्या दशकात कॅनडा आणि अमेरिकेच्या उत्तरेकडच्या कुरणांवर गुरं विचित्र मरायला लागली, शिंगं कापली की रक्त थांबायचंच नाही. बुरशी लागलेला स्वीट क्लोव्हर नावाचा चारा खाल्ल्याने हे होतं एवढं कळलं होतं. १९३३ मध्ये विस्कॉन्सिनचा एक शेतकरी हिमवादळात मेलेली कालवड आणि कॅनभर न गोठलेलं रक्त घेऊन कार्ल लिंक यांच्या प्रयोगशाळेत आला. त्यातून काही वर्षांनी डायक्युमेरॉल सापडलं आणि त्याच्यावरून पुढे वॉरफरिन. नावातलं 'वॉर्फ' हे त्या विद्यापीठाच्या संशोधन संस्थेच्या नावाची आद्याक्षरं. १९४८ मध्ये ते उंदरांसाठी बाजारात आलं. १९५१ मध्ये एका अमेरिकन सैनिकाने जीव द्यायला ते खाल्लं आणि व्हिटॅमिन केने तो बरा झाला, तेव्हा कळलं की याला उतारा आहे म्हणजे हे माणसाला देता येईल. १९५४ मध्ये परवानगी मिळाली आणि १९५५ मध्ये राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांना अटॅक आला तेव्हा त्यांनाही हेच दिलं. डोसचा प्रश्न असतो सगळा.

आपल्याकडे वॉरफरिन आणि तिची बहीण ॲसिनोकुमारॉल, म्हणजे ॲसिट्रोम, दोन्ही चालतात. काम एकच. फॅक्टर दोन, सात, नऊ आणि दहा बनवताना लिव्हरला व्हिटॅमिन के लागतं, ते एकदा वापरलं की पुन्हा ताजं करून वापरलं जातं, आणि ही गोळी ते ताजं करणारं एन्झाइमच अडवते. मग लिव्हर फॅक्टर बनवतं खरं, पण ते अर्धवट, निकामी. आधी बनलेले फॅक्टर मात्र रक्तात फिरतच असतात, सातवा काही तासांत संपतो पण दुसऱ्याला दोन-तीन दिवस लागतात, म्हणून गोळी सुरू केल्यावर पूर्ण परिणाम यायला साधारण ५ दिवस जातात. तोपर्यंत हेपरिनचं इंजेक्शन सोबत चालू ठेवतात ते याचसाठी.

आयएनआर म्हणजे काय आणि तो सारखा वर-खाली का होतो?

रक्त गोठायला नेहमीपेक्षा कितीपट वेळ लागतोय याचा हा आकडा. गोळी न घेणाऱ्याचा १ च्या आसपास. हृदयाच्या अनियमित ठोक्यांसाठी किंवा पायातल्या गुठळीसाठी २ ते ३ ठेवतात, मायट्रलच्या जागी धातूचा व्हॉल्व्ह असेल तर साधारण २.५ ते ३.५. तुमचा पट्टा तुमच्या फाइलवर लिहून घ्या. कमी झाला तर व्हॉल्व्हवर गुठळी, जास्त झाला तर रक्तस्राव. पूर्वी प्रत्येक लॅबचा आकडा वेगळा यायचा कारण तपासणीचं रसायन वेगळं, १९८३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आयएनआर आणला तेव्हा कुठे एका गावचा रिपोर्ट दुसऱ्या गावच्या डॉक्टरला वाचता यायला लागला.

वर-खाली होण्याची कारणं घरातच असतात. आईची एक दोनशे पानी वही आहे, डावीकडे तारीख आणि आयएनआर, मध्ये डोस, 'सोम-बुध-शुक्र २, बाकी दिवस ३' असा, आणि उजवीकडे त्या आठवड्यात वेगळं काय झालं ते. उजवीकडचा रकाना डॉक्टर आधी वाचतात. 'दातासाठी पाच दिवस मेट्रोनिडॅझोल' असं लिहिलंय त्याच्या पुढच्या ओळीत आयएनआर ५.८ आहे. 'जुलाब, तीन दिवस फक्त पेज', पुन्हा वर. 'माहेरी, रोज मेथी-पालक', खाली आलेला. ॲसिट्रोमचा परिणाम वॉरफरिनपेक्षा लवकर ओसरतो त्यामुळे एखादा डोस चुकला तरी आकड्यात लवकर दिसतो. वही ठेवाच, मोबाइलमध्ये ठेवली तरी चालेल पण दवाखान्यात चार्जिंग संपतं.

मग पालेभाज्या कायमच्या बंद?

नाही हो! हा गैरसमज इतका पक्का आहे की व्हॉल्व्हचे पेशंट वर्षानुवर्षं मेथीची भाजी तोंडाला लावत नाहीत. मेथी, पालक, शेपू, अळू, कोथिंबीर यांत व्हिटॅमिन के असतं हे खरं, पण मुद्दा एवढाच की प्रमाण रोज साधारण सारखं ठेवा. आठवड्यातून दोनदा पालेभाजी खात असाल तर तेवढीच खात राहा, डॉक्टर त्यावर डोस बसवतात. गडबड होते ती एकदम बदलल्यावर. श्रावणात एकदम रोज पालेभाज्या, किंवा नवरात्रात नऊ दिवस भगर-साबुदाणा आणि भाजीच नाही, किंवा कोणीतरी सांगितलं म्हणून सकाळी हिरवा ज्यूस सुरू. उपास करायचा असेल तर आधी विचारा आणि मधे एकदा आयएनआर बघा. आणि हे पथ्य फक्त वॉरफरिन-ॲसिट्रोमचं! ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, ॲपिक्साबानवाल्यांनी मेथी सोडायचं काहीच कारण नाही, तरी शेजारच्या काकांचं ऐकून सोडलेली माणसं मी पाहिलीत.

नव्या गोळ्यांना आयएनआर लागत नाही म्हणे. मग सगळ्यांना त्याच का देत नाहीत?

डाबिगाट्रान थेट थ्रॉम्बिनला पकडते, रिव्हरॉक्साबान, ॲपिक्साबान आणि एडोक्साबान फॅक्टर टेनला. मधे व्हिटॅमिन के येतच नाही, म्हणून भाजीचं पथ्य नाही, नेहमीची तपासणी नाही, डोस ठरलेला, काम काही तासांत सुरू. मेंदूत रक्तस्राव व्हायचा धोकाही वॉरफरिनपेक्षा कमी. पायातली गुठळी, फुप्फुसातली गुठळी, अनियमित ठोके, यासाठी आता बहुतेक ठिकाणी यांनाच पहिली पसंती आहे.

पण दोन जागी यांना मनाई आहे आणि दोन्ही आपल्याकडे खूप आहेत. एक, धातूचा व्हॉल्व्ह. डाबिगाट्रान तिथे देऊन पाहिली तर गुठळ्याही जास्त आणि रक्तस्रावही जास्त, अभ्यास थांबवावा लागला, २०१३ मध्ये ते निकाल छापून आले. मग ॲपिक्साबानचा अभ्यास केला, तोही २०२२ मध्ये मधेच थांबवला. दुसरी जागा म्हणजे ऱ्हुमॅटिक तापाने आक्रसलेला मायट्रल व्हॉल्व्ह आणि सोबत अनियमित ठोके. लहानपणी घसा दुखून, सांधे सुजून पुढे व्हॉल्व्ह खराब होतो तो हा आजार, श्रीमंत देशांत जवळपास गेलाय, आपल्याकडे आहे. यावर २०२२ मध्ये मोठा अभ्यास आला, रिव्हरॉक्साबानपेक्षा जुन्या गोळीवरचे पेशंट जास्त जगले. म्हणून अमेरिकेतल्या भाच्याने 'आता वॉरफरिन कोण घेतं, नवीन मागा' असं सांगितलं तर त्याला हे दोन मुद्दे सांगा.

बाकी बारीक गोष्टी: रिव्हरॉक्साबानची १५ आणि २० ची गोळी जेवणासोबत घ्यायची, रिकाम्या पोटी ती नीट शोषलीच जात नाही. डाबिगाट्रानची कॅप्सूल फोडून पाण्यात मिसळायची नाही आणि आठवड्याच्या गोळ्यांच्या डबीत काढूनही ठेवायची नाही, दमट हवेत खराब होते. किडनी कमजोर असेल तर डोस बदलतो, डाबिगाट्रान तर बहुतेक किडनीवाटेच बाहेर जाते. आणि या गोळ्यांचा असर एका दिवसात उतरतो, म्हणजे दोन डोस चुकले की तुमचं संरक्षण संपलं.

पोटात रोज देतात ते इंजेक्शन कसलं?

बहुधा एनॉक्सापॅरिन, हेपरिनचा छोटा तुकडा. हेपरिन १९१६ मध्ये अमेरिकेत जे मॅक्लेन या वैद्यकीच्या विद्यार्थ्याच्या हाती लागलं. ते आजही डुकराच्या आतड्याच्या अस्तरापासून बनवतात. आपल्या रक्तात अँटिथ्रॉम्बिन नावाचा ब्रेक असतोच, हेपरिन त्याला जाऊन चिकटतं आणि तो हजारपट वेगाने काम करायला लागतो. मोठं हेपरिन शिरेतून देतात, सारखं तपासावं लागतं, पण बंद केलं की काही तासांत उतरतं आणि प्रोटामिन हा उताराही आहे. एनॉक्सापॅरिन कातडीखाली घरीसुद्धा देता येतं. दिल्यावर जागा चोळायची नाही, काळानिळा डाग पडतो. कोविडमध्ये हजारो घरांनी हे इंजेक्शन पहिल्यांदा पाहिलं.

मुलगी वॉरफरिनवर आहे आणि लग्न ठरलंय. पुढे मूल?

हे आधीच बोला, पाळी चुकल्यावर नाही. वॉरफरिन आणि ॲसिट्रोम वारेतून बाळापर्यंत पोचतात आणि सहाव्या ते बाराव्या आठवड्यात बाळाच्या नाकाच्या आणि हाडांच्या वाढीत दोष येऊ शकतो. हेपरिन बाळापर्यंत जात नाही, पण धातूच्या व्हॉल्व्हला नुसतं हेपरिन पुरेल का हा प्रश्न असतो, त्यामुळे कुठल्या महिन्यात काय द्यायचं याचा आराखडा हार्टच्या आणि बाळंतपणाच्या डॉक्टरांनी मिळून करायचा असतो. घाबरून स्वतः गोळी बंद करणं सगळ्यात धोक्याचं, आईलाही आणि बाळालाही.

मी तीन आठवडे गोळी घेतोय, पायातली गुठळी अजून सोनोग्राफीत दिसतेच. औषध काम करत नाहीये का?

करतंय. या गोळ्या गुठळी विरघळवत नाहीत, वाढू देत नाहीत आणि तुटून फुप्फुसात जाण्याचा धोका कमी करतात. विरघळवायचं काम शरीर स्वतः करतं, प्लास्मिन नावाच्या एन्झाइमने, आणि त्याला आठवडे-महिने लागतात. फायब्रिन तुटतं तेव्हा जे तुकडे रक्तात येतात त्यांनाच डी-डायमर म्हणतात. कधी कधी शिरेत थोडा व्रण कायमचा राहतो. औषध निदान ३ महिने असतं.

मग ते विरघळवायचं इंजेक्शन सगळ्यांना का देत नाहीत?

प्लास्मिन रक्तात प्लास्मिनोजेन या निद्रिस्त रूपात असतं. ही इंजेक्शनं त्याला एकदम जागं करतात. पहिलं स्ट्रेप्टोकायनेज: १९३३ मध्ये विल्यम टिलेट यांना दिसलं की घसा दुखवणाऱ्या स्ट्रेप्टोकॉकस जंतूंचा द्रव गुठळी विरघळवतो. अटॅकमध्ये १५ लाख युनिट तासाभरात शिरेतून देतात. स्वस्त आहे, जिल्ह्या-तालुक्याच्या दवाखान्यांत याने अगणित जीव वाचवलेत. १९८८ च्या एका प्रचंड अभ्यासात, १७ हजारांवर पेशंट होते, स्ट्रेप्टोकायनेज आणि ॲस्पिरिन दोन्ही मिळालेल्यांत मृत्यू ४२ टक्क्यांनी कमी झाले, आणि नुसत्या ॲस्पिरिननेही २३ टक्क्यांनी. एका साध्या गोळीने एवढं! पण स्ट्रेप्टोकायनेज जंतूचं असल्याने शरीर त्याच्याविरुद्ध अँटिबॉडी बनवतं, म्हणून एकदा दिलं की पुन्हा देत नाहीत, तुमच्या फाइलवर त्याची नोंद हवीच.

पुढे अल्टेप्लेज आलं, आपल्याच शरीरात असणाऱ्या टीपीए या एन्झाइमची जनुकीय तंत्राने केलेली प्रत, ती फायब्रिनला चिकटलेल्या प्लास्मिनोजेनवर जास्त काम करते. त्यात थोडे बदल करून टेनेक्टेप्लेज केलं, ते एकाच इंजेक्शनमध्ये देऊन होतं, तासभर सलाइन लावावं लागत नाही. पुण्यातली जेनोव्हा कंपनी ते बनवते, म्हणजे आपल्याकडे हिंजवडीत तयार होतं हे कित्येकांना माहीत नसतं.

आता 'सगळ्यांना का नाही'. कारण हे औषध वाईट गुठळी आणि चांगली गुठळी ओळखत नाही. मेंदूत आधी कधी रक्तस्राव झालेला, तीन महिन्यांत डोक्याला मोठा मार किंवा मेंदूचं ऑपरेशन, आत कुठे रक्त चालू, बीपी खूप वर, अशांना दिलं तर जीव जाऊ शकतो. स्ट्रोकसाठी हे सिद्ध करणाऱ्या १९९५ च्या अभ्यासातच साधारण ६ टक्के लोकांना त्रासदायक मेंदूतला रक्तस्राव झाला होता. तरीही एकूण फायदा जास्त होता, अपंगत्व कमी झालं, म्हणून देतात. आणि वेळेचं बंधन: गुठळी ताजी असताना फायब्रिन सैल असतं, जसजसा वेळ जातो तशी ती घट्ट होते आणि पलीकडचा स्नायू किंवा मेंदू मरतो. स्ट्रोकला साधारण साडेचार तासांच्या आत, अटॅकला १२ तासांच्या आत, पण पहिल्या दोन-तीन तासांत जेवढा फायदा तेवढा नंतर नाही.

हार्ट अटॅक वाटला तर घरी ॲस्पिरिन द्यायची का? आणि लकवा आला तर?

ही दोन उत्तरं वेगळी आहेत, फ्रिजवर लिहून लावा.

छातीत दाब, घाम, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ: आधी १०८ लावा. मग ३०० ते ३२५ मिलिग्रॅम ॲस्पिरिन चावून, ॲलर्जी किंवा चालू रक्तस्राव नसेल तर. चावून यासाठी की ती मिनिटांत रक्तात जाते, आख्खी कोटिंगवाली गिळली तर वेळ लागतो. ७५ च्या चार चावल्या तरी चालतं. जिभेखालची सॉर्बिट्रेट सांगितल्याशिवाय देऊ नका, बीपी खाली जाऊन माणूस कोसळतो.

तोंड वाकडं, एक हात लुळा, बोलणं अडखळणं: ॲस्पिरिन द्यायची नाही, एकही नाही. लकवा गुठळीने आलाय की मेंदूत रक्त फुटून, हे बाहेरून डॉक्टरलाही कळत नाही, सीटी स्कॅनलाच कळतं. रक्त फुटलं असेल तर तुमची ॲस्पिरिन त्यात भर घालेल. इथे तुमचं काम एकच, वेळ लिहायची. माणूस शेवटचा धड कधी दिसला ती वेळ, सापडला कधी ती नव्हे, कारण साडेचार तास तिथपासून मोजतात. आणि जवळच्या ओळखीच्या दवाखान्यात नाही, जिथे सीटी आहे तिथे न्यायचं. मोठी धमनी बंद झाली की मेंदूच्या साधारण १९ लाख पेशी दर मिनिटाला मरतात. तेल लावून मालिश करत सकाळची वाट बघणं आपल्याकडे अजून होतं. कृपा करून करू नका. चालू असलेल्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत टाकून न्या, वॉरफरिन किंवा ॲपिक्साबान चालू असेल तर इंजेक्शनचा निर्णय बदलतो.

सापाच्या विषापासून औषध बनतं हे खरं?

हो, आणि कोकणातल्या सापापासून. फुरशाच्या विषात प्लेटलेट्सना एकमेकींना जोडूच न देणारं एक छोटं प्रथिन असतं, त्याच्या आकारावरून टायरोफिबान हे इंजेक्शन घडवलं, अँजिओप्लास्टीच्या वेळी वापरतात. घोणस उलटं करते, तिचं विष फॅक्टर टेनला भडकवतं, रक्तात जिकडे तिकडे बारीक गुठळ्या होऊन सगळे फॅक्टर संपून जातात आणि मग रक्त गोठतच नाही. म्हणून साप चावलेल्याचं रक्त काचेच्या नळीत २० मिनिटं न हलवता ठेवून बघतात. जळूच्या लाळेतलं हिरुडिन थ्रॉम्बिनला पकडतं, त्यावरून बिव्हॅलिरुडिन आलं. याचा अर्थ आयुर्वेदिक जळवा लावून गोळी बंद करायची असा नाही, उलट या गोळ्यांवर असताना जळवा लावूच नका.

अंगदुखीला काय घ्यायचं?

मेडिकलमधून मागून घेतलेलं डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, कॉम्बिनेशनच्या गोळ्या, यातलं काहीच नको. त्या पोटाचं अस्तरही दुखावतात आणि प्लेटलेट्सही अडवतात. पॅरासिटामॉल त्यातल्या त्यात बरी, पण वॉरफरिनवाल्यांनी रोज तीन-चार गोळ्या आठवडाभर घेतल्या तर तिनेही आयएनआर वाढतो. कंबरेत सुई टोचून घेऊ नका, स्नायूत रक्त साचतं. अँटिबायोटिक आणि फंगसच्या फ्लुकोनॅझोलने आयएनआर वाढतो, टीबीच्या रिफाम्पिसिनने धाडकन खाली येतो आणि नव्या गोळ्याही निकामी होतात. जेवणातली हळद, लसूण, आलं खुशाल खा. त्याच्याच कॅप्सूल किंवा अर्क मात्र विचारूनच.

पावसाळ्यात ताप आला तर?

स्टेंटनंतरच्या दोन गोळ्यांवर असलेल्यांनी डेंग्यूच्या दिवसांत ताप अंगावर काढू नये. डेंग्यूत प्लेटलेट्सची संख्या पडते आणि उरलेल्यांना या गोळ्या काम करू देत नाहीत. लवकर सीबीसी करा, स्टेंट कधी टाकला ते सांगा, कुठली चालू ठेवायची ते डॉक्टर ठरवतील.

दात काढायचाय. गोळी बंद करू?

एखाद-दोन दात असतील तर बहुतेक वेळा बंद करावी लागत नाही. आयएनआर ठरलेल्या पट्ट्यात आहे ना ते एक-दोन दिवस आधी बघतात, टाके घालतात, रक्त थांबवणाऱ्या ट्रानेक्झॅमिक ॲसिडच्या गुळण्या देतात. डेंटिस्टने 'पाच दिवस बंद करा' म्हटलं तर हार्टच्या डॉक्टरांना एक फोन केल्याशिवाय करू नका. बंद ठेवून व्हॉल्व्ह अडकण्यापेक्षा हिरडीतून थोडं जास्त रक्त येणं कधीही परवडलं.

रात्रीची ॲसिट्रोम किंवा वॉरफरिन विसरले तर?

त्याच दिवशी आठवलं तर लगेच घ्या. दुसऱ्या दिवशी आठवलं तर गेली ती गेली, दोन एकदम नाही, वहीत लिहा.

कधी धावत जायचं?

काळी डांबरासारखी शी, लघवीत रक्त, उलटीत रक्त, दहा-पंधरा मिनिटं दाबून धरूनही न थांबणारं नाकातलं रक्त. डोक्यावर पडलात तर जखम दिसो न दिसो, जायचंच, मेंदूभोवती रक्त हळूहळू साचतं आणि माणूस काही तास चांगला बोलत असतो. व्हॉल्व्हवाल्यांनी आणखी एक: धातूच्या व्हॉल्व्हचा टिकटिक आवाज शांत खोलीत ऐकू येतो, तो अचानक दबला किंवा बदलला आणि दम लागायला लागला तर त्याच रात्री जा, आणि गेल्या गेल्या 'व्हॉल्व्ह आहे, या गोळीवर आहे, शेवटचा आयएनआर एवढा' हे तीन शब्द आधी सांगा, बाकीची कहाणी नंतर.

मुलाकडे अमेरिकेला चाललोय, पंधरा-सोळा तासांचं विमान. जादा गोळी घेऊ?

जादा काही नको, आहे ती वेळेवर. घड्याळ बदलतं तेव्हा डोस कसा सरकवायचा ते निघायच्या आधी विचारून कागदावर लिहून घ्या. दर तासा-दीड तासाने उठून चाला, बसल्या जागी पोटऱ्या आवळा-सोडा, पाणी प्या, आधी गुठळी होऊन गेली असेल तर डॉक्टरांना विचारून घट्ट मोजे घाला. ज्यांची कुठलीच गोळी चालू नाही त्यांनी प्रवासापुरती म्हणून ॲस्पिरिन घेऊ नये. गोळ्या हातातल्या बॅगेत, प्रिस्क्रिप्शनसकट आणि मुक्कामापेक्षा थोड्या जास्त, ॲसिट्रोम अमेरिकेत मिळत नाही, तिथे वॉरफरिन देतात आणि दोघींचे मिलिग्रॅम सारखे नसतात.